कऱ्हेत पाणी नसताना

पुरंदरच्या डोंगरात उगम पावलेली कऱ्हा सासवड, नाझरे, मोरगाव, बारामती करत सोनगावजवळ नीरेला मिळते. नकाशात ती निळ्या रेघेने दाखवतात. पण सह्याद्रीचा पाऊस पूर्वेकडे येता येता ओसरतो, मोरगाव-सुप्याच्या बाजूला वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपते आणि निळी रेघ वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू, गोटे आणि मुरूम होऊन पडते. सासवडजवळच्या कोडीतला जन्म असलेल्या आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव ‘कऱ्हेचे पाणी’ ठेवलं. वैशाखात मोरगावच्या खालच्या अंगाला पात्रात उतरणाऱ्याला ते नाव थट्टेसारखं वाटेल.

या पात्रातून चालणाऱ्या दोघांचा हा संवाद. मामा काठावरचे शेतकरी. नदी खोल आणि रुंद करण्याचा ठराव ग्रामसभेपुढे यायचा आहे आणि ते त्याच्या बाजूचे आहेत. भाची भूशास्त्र शिकलेली, पुण्यात राहून भूजलाचं काम करणारी. तिला हा ठराव पटलेला नाही. माणसं कल्पनेतली आहेत, वाद मात्र महाराष्ट्रातल्या गावोगावचा आहे.

मामा : नदी बघायची होती ना? ही बघ. पुलापासून इथवर आलो, चपलेला ओल लागली नाही.

भाची : म्हणून तर आत्ता आले. पावसाळ्यात वरचं पाणी तेवढं दिसतं. नदीची घडण बघायची तर वैशाखातच.

मामा : हे व्याख्यानात ठीक आहे. आमच्या लेखी पाण्याशिवाय नदी म्हणजे पलीकडच्या रानात जायची गाडीवाट.

भाची : मग वाटेतले गोटे तरी बघा. हे चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेत आणि सगळ्यांचा उतार उगमाकडे आहे. असा कललेला दगड पाण्याला अंगावरून जाऊ देतो, म्हणून टिकतो. उलटा कललेला पहिल्याच लोंढ्यात उचकटून पुढे जातो. पाणी कुठून आलं, किती जोरात होतं, कुठं मंदावलं, हे या दगडांवरून सांगता येतं.

मामा : त्याला दगड कशाला, मी सांगतो. हा गोट्यांचा पट्टा २०१९ चा. २५ सप्टेंबरची रात्र. वर अंगावर कोसळल्यासारखा पाऊस झाला, नाझऱ्याचं धरण भरून सांडलं आणि जेजुरीपासून बारामतीपर्यंत काठची वस्ती पाण्याखाली आली. बारामतीत माणसं हलवावी लागली. आणि त्याच सालच्या उन्हाळ्यात आम्ही टँकरची वाट बघत होतो. म्हणजे पाणी येत नाही असं नाही. एका रात्रीत येतं आणि एका रात्रीत नीरेला जातं. ते थोडं थांबावं म्हणून पात्र खोल करायचं. यात वाकडं काय आहे?

भाची : हिशोब करू. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल खणलं, तर मावतं दीड लाख घनमीटर. सेकंदाला हजार घनमीटर पाणी आणणारा पूर तो खड्डा अडीच मिनिटांत भरेल. पुराचं बाकीचं पाणी जायचं ते जाणारच.

मामा : दीड लाख घनमीटर म्हणजे १५ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पंधरा हजार खेपा! पोरी, मला अडीच मिनिटांचंच पाणी दे, बाकीचं जाऊ दे बंगालच्या उपसागरात.

भाची : मिळालं तर घ्याच. पण इकडच्या उन्हात उघड्या पाण्याचा वर्षाला दीड-दोन मीटर थर वाफ होऊन उडतो. म्हणजे तीन मीटरांतलं निम्मं गेलं. उरलेलं जमिनीत मुरायला खालचा खडक फुटका पाहिजे. तळाशी सलग काळा पाषाण लागला तर ते पाणी मुरत नाही, नुसतं तापत राहतं.

एवढ्यात टिटवी ओरडत डोक्यावर आली. दोघं थांबले. मामांनी हातानेच भाचीला मागे सारलं आणि चार पावलांवर बोट दाखवलं. गोट्यांमधल्या जरा सपाट जागी चार अंडी होती, टोकं आतल्या बाजूला करून ठेवलेली. मातकट रंगावर काळे ठिपके. नजर क्षणभर हलवली तर पुन्हा शोधावी लागतील अशी. घरटं म्हणावं तर काडी नाही, कापूस नाही. भोवती बारीक खड्यांचं कडं तेवढं होतं.

मामा : आता ही आपल्याला लांब नेणार. त्या बाजूला उतरेल, लंगडल्यासारखं करेल. तिच्या मागे जाणारा अंड्यांपासून लांब जातो. आणि तुझ्या पुस्तकात नसेल ते सांगतो. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जोराचा, पात्रात घातली तर बेताचा. चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस.

भाची : मामा, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. त्या हिशोबानं दुष्काळ कधी पडायलाच नको.

मामा : जुन्या माणसांनी उगाच म्हटलं नसेल.

भाची : पाहिलं होतं म्हणूनच म्हटलं. वाळूत, गोट्यांत ती अंडी घालते हे त्यांना ठाऊक होतं. मला आवडतं ते वेगळंच. भर दुपारी ही पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी तापू नयेत म्हणून. म्हणजे जवळपास कुठंतरी पाणी आहे. आपल्याला दिसलं नाही, तिला माहीत आहे.

मामा : ते मलाही माहीत आहे. चल, दाखवतो.

पुढच्या वळणावर काठाला उंबर होता आणि त्याच्या पायथ्याशी लव्हाळ्याचा हिरवा पट्टा. वरची वाळू पाय पोळत होती. मामा तिथं बसले आणि हातानेच वाळू उकरू लागले. वीतभर खाली वाळूचा रंग बदलला. कोपरभर हात गेल्यावर तळाशी गढूळ पाणी गोळा व्हायला लागलं. त्यांनी ते ओंजळीने उपसून बाहेर टाकलं. खड्ड्याच्या कडा थोड्या ढासळल्या आणि दुसऱ्यांदा साठलं ते पाणी बरंच नितळ होतं.

मामा : आई इथंच झरा उकरायची. पहिलं पाणी टाकायचं, मग निवळेपर्यंत थांबायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. जनावरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती बोराटी लावायची. जागा कोणती धरायची ते झाडांवरून ठरायचं. उंबर, करंज, जांभूळ वैशाखात हिरवे असले की मुळाशी ओल असणार. बाभळीवर भरवसा ठेवायचा नाही, ती कोरड्यातही तग धरते.

भाची : माझं सगळं म्हणणं या खड्ड्यात आलं, मामा. वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरतं. वरचा हातभर थर वाळला की खालच्या ओलीला ऊन लागत नाही, वारा लागत नाही. तुमच्या तीन मीटर खड्ड्यातलं पाणी उडून जाईल, हे वैशाखापर्यंत टिकलंय. नदीला तळं आहे, ते वाळूखाली आहे.

मामा : होतं म्हण. मी लहान होतो तेव्हा सगळ्या पात्राला वाळू होती, चालताना पाय रुतायचे. आता अशा दोन-चार वळणांना उरली. बाकी ठिकाणी मुरूम आणि खडक उघडा पडलाय.

भाची : वाळू गेली कुठं?

मामा : पुण्याला गेली, बारामतीला गेली. आणि इथंही राहिली. गावातली शाळा, देवळाचा सभामंडप, माझं घर, सगळं याच वाळूचं. तुमच्या पुण्यातल्या इमारतीला कुठल्या नदीची वाळू आहे, विचारलंस कधी?

भाची : नाही विचारलं.

मामा : तेच तर. तुम्हाला नळ सोडला की पाणी येतं. त्यासाठी मुठा, आंबी, मोसे या तीन नद्यांवर टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला अशी चार धरणं बांधली. तेव्हा कोणी पात्रातले गोटे वाचत बसलं होतं का? टिटवीला विचारलं होतं का? आमच्या गावानं एक किलोमीटर नदी उकरायची म्हटलं की तुम्हाला सगळं निसर्गशास्त्र आठवतं. पाणी असलेल्यानं कोरड्या नदीची शोभा बघावी आणि नसलेल्यानं ती जपावी, हा न्याय मला मान्य नाही.

भाची : ही तक्रार खरी आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही. पण अन्याय झाला म्हणून स्वतःचं नुकसान करून घ्यायचं का? ठरावात ‘गाळ काढणे’ लिहिलंय. बंधाऱ्याच्या मागं पाच-दहा वर्षं साठलेली काळी माती हा गाळ. तो काढा, शेतात पसरा, त्याला कोणाची ना नाही. पण ज्या यंत्रानं गाळ निघतो त्याच यंत्रानं ही उरलेली वाळूही निघेल, आणि गाड्या भरून आधी जाईल ती वाळूच.

मामा : हे आम्हाला कळत नाही असं समजू नकोस. कोणाच्या गाड्या लागणार, तेही गावाला माहीत आहे. पण शेजारच्या गावात खोलीकरण झालं आणि पुढच्या साली बंधाऱ्याजवळच्या विहिरी भरल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडे शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून पाणी वर आणलं, हे तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

भाची : शिरपूरकडे तापीच्या गाळाचा जाड थर आहे, तिथं खणलं की पाणी सामावायला जागा मिळते. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वरचा झिजलेला मुरूम काही मीटरांचा, त्याखाली कुठं भेगाळलेला खडक, कुठं अजिबात पाझर नसलेला. हे दर शंभर पावलांवर बदलतं. तोच उपाय सगळीकडे चालेल कसा? आणि शेजारच्या गावाच्या विहिरी भरल्या तेव्हा त्यांच्या खालच्या गावाच्या विहिरींचं काय झालं, ते पाहिलंत?

मामा : खालचं गाव म्हणजे आपणच.

भाची : आणि आपल्या खाली आणखी एक गाव आहे.

मामा काही बोलले नाहीत. दोघं उभ्या काठाजवळ आले. नदीनं कापलेली दोन पुरुष उंचीची भिंत. खाली गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर पोयटा, अधूनमधून चुनखडीचे खडे. वरच्या पोयट्यात मुठीएवढ्या भोकांची रांग होती आणि वेडे राघू तिथं ये-जा करत होते.

भाची : या भोकांत आत्ता पिल्लं असतील. खंड्याही असाच काठ कोरतो. त्यांचा विणीचा हंगाम आणि यंत्रं नदीत उतरायचा हंगाम नेमका एकच, चैत्र ते ज्येष्ठ. रुंदीकरणात पहिला जातो तो हा काठ.

मामा : राघू दुसरा काठ शोधेल.

भाची : शोधेलही. पण या काठात जे आहे ते दुसऱ्या काठात नाही. मोरगावजवळ कऱ्हेच्या अशाच जुन्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आहे आणि तिच्याबरोबर अश्मयुगातली दगडी हत्यारं.

मामा : डेक्कन कॉलेजची माणसं यायची त्यासाठी. आम्हाला वाटायचं, सोनं शोधतात. राख म्हणजे आपल्याच सह्याद्रीची असेल.

भाची : आपला ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी निवला. ही राख वाऱ्यानं फार लांबून आली. काही संशोधकांच्या मते ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. इथून तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. काहींच्या मते ती त्याहून लाखो वर्षं जुनी. कुकडीकाठच्या बोरी गावातही अशी राख आहे आणि तिथल्या वयाबद्दलही असाच वाद आहे. वाद मिटायचा तर हे थर जागेवर राहायला हवेत. एकदा पोकलेननं ओढून डंपरमध्ये भरले की ती नुसती माती.

मामा : म्हणजे त्या दगडी हत्यारवाल्यालाही कऱ्हेचंच पाणी प्यावं लागलं.

भाची : तो पिऊन पुढे जायचा. टिकून राहण्याचा प्रश्न पुढे शेती करणाऱ्यांना पडला. घोडनदीकाठी इनामगाव आहे, आपल्याच जिल्ह्यात. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात पुराला अडवणारा बांध आणि पाण्याचा पाट उत्खननात सापडला.

मामा : बघ! नदीला हात लावणं काही आमच्यापासून सुरू झालेलं नाही.

भाची : नाहीच. पण त्यांनी पाणी वळवलं, तळ फोडला नाही. आणि तेही गाव शेवटी उठलं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरडं होत गेलेल्या हवामानाशी लावला. पाऊसमान बदललं की नुसत्या बांधकामावर गाव तगत नाही, त्याबरोबर पीकही बदलावं लागतं.

मामा : आली का उसावर? मला वाटलंच.

भाची : तुमचं बोअर किती फूट?

मामा : साडेपाचशे.

भाची : वडिलांची विहीर किती होती?

मामा : पाच परस. आणि उन्हाळ्यातही मोट चालायची. मला तुझा रोख कळतो. पण उसाला हमी आहे, कांद्याला नाही. तो विषय तू ग्रामसभेत काढलास तर तुला परत यायला एसटीही मिळायची नाही.

भाची : काढणार नाही. पण मग खोलीकरणानं काय होईल ते तरी ऐका. काठच्या मुरमातलं पाणी हळूहळू नदीकडे पाझरत असतं. नदीचा तळ तीन मीटर खाली नेला की ते पाणी लवकर खाली ओढलं जातं. पावसाळ्यात खड्डा भरलेला दिसतो, आणि फाल्गुनात विहीर आधीपेक्षा आधी आटते. अशीच कामं करणारी जलयुक्त शिवार योजना डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली, २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं म्हणून. महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात काय म्हटलं? ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले, पण भूजल वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

मामा : सरकारी कामात पैसे कुठं जातात ते सांगायला अहवाल लागत नाही. त्यावरून काम वाईट ठरत नाही. जिथं लोकांनी स्वतः उभं राहून केलं तिथं फरक पडला.

भाची : कारण तिथं लोकांनी माथ्यापासून सुरुवात केली. डोंगराला चर, शेताला बांध, ओढ्याला अडवण आणि शेवटी नदी. आपल्या ठरावात सुरुवात नदीपासून आहे आणि शेवटही नदीतच. यंत्राला ते सोपं पडतं, मीटर मोजून बिल निघतं.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. टेकडीवरच्या समतल चरांसाठी मागं श्रमदान झालं, ते तीन पावसाळ्यांत बुजले. त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. बंधाऱ्याचे ढापे दर वर्षी पाऊस सरल्यावर टाकायचे असतात, ते कधी दिवाळीनंतर पडतात, कधी पडतच नाहीत. पाणी गेल्यावर ढापे. खरं सांगायचं तर आहे तो बंधारा नीट चालवला तरी माघापर्यंत पाणी पुरेल.

भाची : मग ठरावात हेच घाला ना.

मामा : घालू. बंधाऱ्यामागचा गाळ काढायचा, तो गावच्याच रानात टाकायचा. ढापे कोण टाकणार, त्याचं नाव आणि तारीख लिहायची. उंबराच्या वळणावरची वाळू आणि हा काठ सोडायचा. चर उकरून साफ करायचे. पण एक माझंही लिहून घे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं खडक भेगाळलेला आहे अशी तुम्ही जाणकार मंडळी खात्री देता, तिथं खोलीकरण करायचं. तुम्ही नुसतं ‘करू नका’ म्हणायचं आणि परत पुण्याला जायचं, हे चालणार नाही. कुठं करायचं तेही सांगायचं.

भाची : सांगते. त्यासाठी सगळं पात्र पुन्हा चालावं लागेल, विहिरींची पातळी मोजत.

मामा : चालू. पण पहाटे निघू. आता तळवे भाजले.

दोघांचं सगळं जुळलं नाही. उसाचा प्रश्न जागच्या जागी राहिला आणि पुण्याच्या नळाचाही. पण चालण्यातून एक गोष्ट निघाली, जी बैठकीतल्या चर्चेतून निघाली नसती. वाळू कुठं उरली आहे, झरा कुठं लागतो, खडक कुठं उघडा आहे, कुठलं झाड वैशाखात हिरवं आहे, हे मामांना ठाऊक होतं. त्याचं कारण भाचीला ठाऊक होतं. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात लांबी, रुंदी, खोली आणि घनमीटरचा दर असतो. या दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टींना त्यात रकाना नसतो.

तुमच्या गावाच्या नदीसाठी असा ठराव येणार असेल तर यंत्र उतरण्याआधी एकदा पात्र चालून घ्या. चैत्र-वैशाखात, सकाळी लवकर, गावातली वयस्कर बाई-माणसं बरोबर घेऊन. भूजल सर्वेक्षणातला माणूस मिळाला तर त्यालाही बोलवा. ओलीच्या जागा, उरलेली वाळू, खडक, विणीचे काठ, काठच्या विहिरींची पातळी, हे सगळं एका कागदावर मांडा आणि तो कागद ठरावाला जोडा. तो जोडलेला नसेल, तर ठरावाला हात वर करू नका.